पाल आजीकडे गेली

कुठलंही पुस्तक माझ्या हातात द्या, चहा गार व्हायच्या आत मी त्याचं घर सांगते! कुठलंही म्हणजे अगदी कुठलंही. दंतवैद्यक आणा, मेंढ्यांच्या खुरांचे रोग आणा, आयकराचे कायदे आणा. उघडून बघायचीसुद्धा गरज नाही. नुसता पाठीवरून हात फिरवला की मला कळतं, हे कुणाचं लेकरू आहे ते.

मी मेरेआना. आमच्या किनाऱ्यावरच्या छोट्याशा विद्यापीठात पुस्तकांचं वर्गीकरण करते. पूर्वी आमच्याकडेही आकडेच होते. पाठीवर आकडा, आकड्यापुढे टिंब, टिंबापुढे आणखी आकडे, शेपूट काही संपायचं नाव नाही! आणि त्यात आम्हा इथल्या मूळच्या लोकांचे देव, आमची गाणी, आमची रताळी, आमचं विणकाम, सगळं एकाच फळीवर कोंबलेलं. बाकीच्या जगाला ऐसपैस खोल्या आणि आम्ही सगळे मिळून माळ्यावर! माझं डोकंच फिरलं.

मी म्हटलं, आपल्यात नवा माणूस आला की त्याला नंबर विचारतात का? तुझा डोंगर कुठला, नदी कुठली, आजा कोण, हे विचारतात. मग पुस्तकालाही तेच विचारायचं! झालं. अख्खं ग्रंथालय मी देवांच्या घरांत वाटून टाकलं. जंगलाचा देव ताने, त्याला हिरवी पट्टी. समुद्राचा देव तांगारोआ, त्याला निळी. वाऱ्याच्या देवाकडे हवामान आणि विमानं. भूकंपाच्या देवाकडे विम्याची सगळी पुस्तकं. युद्धदेवाकडे लढाया, रग्बी आणि आयकर. दंतवैद्यकही मी त्याच्याच पदरात टाकलं, आणि त्यावर अजून कुणी तक्रार केलेली नाही, दाताच्या डॉक्टरांनीसुद्धा! मधोमध, खिडकीपाशी, या सगळ्या देवांचे आईबाप: आकाशबाप रंगी आणि धरतीआई पापा. त्यांच्याकडे ग्रहतारे आणि माती. शिवाय या दोघांना त्यांच्याच पोरांनी ढकलून वेगळं केलं, तेव्हा कुठे जगात उजेड पडला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून घटस्फोटाचे कायदे मी तिथेच लावले.

आमची ग्रंथपाल मॉरीन. दक्षिणेकडची गोरी बाई. मनाने सोनं, पण हिच्या स्वयंपाकघरात डब्यांवर लेबलं आणि लेबलांवर तारखा! तिने मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ मेरेआना, तुझ्या देवांशी माझं काही वाकडं नाही. पण शनिवारी तुझ्या या नव्या मांडणीचं उद्घाटन आहे, राजधानीतून, वेलिंग्टनहून, ग्रंथालय खात्याच्या मोठ्या बाई येतायत. त्यांनी कुठलंही एक पुस्तक मागितलं आणि ते जागेवर सापडलं नाही, तर सोमवारपासून आकडे परत!"

"अगं, सापडेल म्हणजे काय? धावत येईल!"

मॉरीनने टेबलाखालचं एक खोकं पायाने पुढे सरकवलं. जुन्या आकड्यांच्या चिकटपट्ट्या! बाईने एकही टाकली नव्हती.

"ठेव की जपून," मी ऐटीत म्हटलं. "खोकं मजबूत आहे. पुढच्या हंगामात रताळी भरायला होईल."

आता मला सांगा, इतक्या ऐटीत बोलायची काही गरज होती का?

त्याच दुपारी कुईनीआजी आल्या. कुईनीआजी आणि इहाकाआजोबा म्हणजे आमच्या विद्यापीठाची शान. आजोबा प्राण्यांचे अभ्यासक, आजी भाषेच्या. दोघांनी मिळून पालींवर एक ग्रंथ लिहायला घेतला होता. त्यांच्या पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, पण ग्रंथ काही होईना! कारण पहिलंच प्रकरण. पाल कुणाची? आजोबा किनाऱ्याचे, आजी जंगलातल्या. आणि पालींचा मामला मुळातच कोर्टात जाण्यासारखा. देवांची भांडणं पेटली तेव्हा तांगारोआच्या नातवंडांत फूट पडली. मासे म्हणाले, समुद्रात चला. पाली म्हणाल्या, जंगलात चला. मासे आपल्या आजोबाकडे, तांगारोआकडे गेले, आणि पाली तानेच्या घरी घुसल्या त्या तिथेच राहिल्या. तेव्हापासून तांगारोआचा तानेवर राग, की माझी नातवंडं फितवलीस! म्हणून तर समुद्र अजून किनारा कुरतडतोय. आता रक्ताने पाल समुद्राची, राहायला जंगलात. घ्या, करा वर्गीकरण!

आजींनी ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवला. पहिलीवहिली प्रत, बाकीच्या अजून छापखान्यात. पहिल्या प्रकरणात शेवटी दोघांनी आपापलं मत वेगवेगळं छापलेलं. मुखपृष्ठावर हिरवीगार पाल, इतकी हुबेहूब की मी हातच मागे घेतला. सोबत रुमालात बांधलेला गरमागरम तळलेला पाव.

"तानेच्या घरी ना गं?" आजी म्हणाल्या. "ज्याने थारा दिला, त्याचीच लेकरं."

"विचारायची गोष्ट आहे का, आजी!" मी पावाला हात घालत म्हटलं. "हिरव्या पालीला हिरवी पट्टी!"

आजी खूश होऊन गेल्या. संध्याकाळी आजोबा काठी टेकत आले. हातात धुरावलेल्या शिंपल्यांचा डबा.

"मेरेआना, माणूस रक्ताने ओळखायचा की पत्त्याने?"

"रक्ताने, आजोबा! पत्ता काय, आज आहे उद्या नाही."

"शाब्बास. म्हणजे तांगारोआ."

आता शिंपले तोंडात असताना माणूस नाही कसं म्हणणार? मी मान हलवली. मनात हिशेब केला की आजोबांचे गुडघे दुखतात, ते काही हिरव्या मांडणीपर्यंत जायचे नाहीत. मी हिरवी पट्टी चिकटवली, कॉम्प्युटरवर "ताने" अशी नोंद केली आणि पुस्तक तानेच्या घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीटा धापा टाकत आला. पीटा आमचा काउंटरवरचा माणूस. रग्बीत समोरच्या तिघांना अंगावर घेणारा गडी, पण पाल म्हटलं की खुर्चीवर चढतो! आमच्याकडे हिरवी पाल हसली की घरातलं कुणीतरी जातं म्हणतात, आणि पीटाला तर छापील पालही हसताना दिसते.

"मेरेआनामावशी, ते... ते निळ्या घरात गेलंय!"

"काय गेलंय?"

"ती! समुद्राच्या पुस्तकांत बसलीय. शार्कच्या शेजारी!"

"अरे, कुणीतरी वाचून चुकीच्या जागी ठेवलं असेल. जा, परत ठेव."

"मी? हात लावू? माझी आई अजून धडधाकट आहे, मावशी!"

शेवटी त्याने खानावळीतला चिमटा आणला आणि त्या चिमट्यात धरून, मान दुसरीकडे वळवून, पुस्तक जंगलात नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा समुद्रात! दुपारी बघितलं तर जंगलात! आम्ही कुणीच हात लावला नव्हता. माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. आता पालीच्या पुस्तकाबद्दल दुसरं काय चुकचुकणार!

मग काय, गावभर झालं. पालीचं पुस्तक चालतंय! ज्या पोरांना ग्रंथालय कुठल्या इमारतीत आहे हे ठाऊक नव्हतं, ती दोन्ही घरांच्या मध्ये जमिनीवर मांड्या ठोकून बसली. कुणी म्हणे शेपूट हललं. कुणी म्हणे हसल्याचा आवाज आला. बेकरीवाल्याने दुकान बंद करून चक्कर मारली. मॉरीन बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मेरेआना, पुस्तकं चालत नाहीत. वाचक चालतात."

"मला काय सांगतेस? पुस्तकाला सांग!"

"मी पुस्तकाला काय सांगणार? मी खोकं उघडून ठेवते," ती म्हणाली आणि आत गेली.

 अहो, प्रश्न एका पुस्तकाचा नव्हता. आकडे परत आले की आमची गाणी, रताळी, विणकाम पुन्हा माळ्यावर! पुढची पोरं ग्रंथालयात येणार आणि स्वतःचं घर शोधत फिरणार. नुसत्या कल्पनेने मला रडू यायला लागलं.

पीटाने हट्ट धरला की प्रार्थना करून घ्या, नाहीतर मी शनिवारी येत नाही. आमच्याकडे प्रार्थना म्हणायची तर इहाकाआजोबांनीच. आजोबा आले, सोबत आजी, खांद्याला त्यांची गवताची विणलेली पिशवी. पुस्तक तेव्हा निळ्या घरात होतं. आम्ही सगळे त्याच्यासमोर गोल उभे राहिलो, डोळे मिटले. आजोबांनी आकाशापासून सुरुवात केली, समुद्र घेतला, वारे घेतले, सगळे पूर्वज एकेक करून घेतले. माझा तर डावा पाय झोपला. शेवटी "आमेन" झालं. आजींचं आमेन सगळ्यांत मोठं! आम्ही डोळे उघडले.

पुस्तक गायब!

पीटा जो पळाला तो थेट गाड्यांच्या तळावर थांबला. आजोबा फळीकडे बघत राहिले. आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, "प्रार्थना चांगली झाली हो. ज्याचं त्याच्या घरी गेलं असेल." खरंच, पुस्तक हिरव्या घरात होतं! आजोबांनी आजींकडे बघितलं. मग त्यांच्या पिशवीकडे बघितलं. मला वाटलं, म्हातारा पिशवीच्या विणकामाचं कौतुक करतोय. कपाळ माझं!

उजाडला शनिवार. वेलिंग्टनच्या बाई आल्या, काळा कोट, गळ्यात हिरव्या दगडाचं पदक. रीतीप्रमाणे स्वागत झालं, नाकाला नाक लागलं, आणि आजोबा काठी उगारून भाषणाला उभे राहिले. आमच्याकडे पुरुषाचं भाषण झालं की त्याच्या बाजूच्या बायकांनी उठून गाणं म्हणायचं. भाषण आवडलं नाही तर गाणं लवकर सुरू करायचं, ही मुभा त्यात आलीच! आणि गाणं सुरू झालं की वक्ता गप्प, मग तो कितीही मोठा असो.

आजोबांनी पाहुण्यांचं कौतुक केलं, ग्रंथालयाचं केलं, आणि मग घसा खाकरून म्हणाले, "आणि आता पालींविषयी थोडं. पाल ही मुळात समु..."

आजी उठल्या आणि ठणठणीत आवाजात गायला लागल्या! आम्हा बायकांना उठावंच लागलं. गाणं संपलं. आजोबा पुन्हा उभे. "तर मी म्हणत होतो, समुद्रा..." आजींनी दुसरं गाणं धरलं! सहा कडव्यांचं! वेलिंग्टनच्या बाई भारावून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाटलं, केवढा हा सोहळा!

मग चहा झाला आणि सगळे आत आले. मॉरीनने हातात ते खोकं धरलेलं. माझ्याकडे बघून ती हसली, आणि ते हसणं काही मला बरं वाटलं नाही.

"बाई, कुठलंही पुस्तक मागा," मॉरीन म्हणाली.

मी मनात सगळ्या देवांचा धावा सुरू केला. आयकर माग, बाई! खुरांचे रोग माग!

"ते पालीचं पुस्तक," बाई म्हणाल्या. "रस्त्यात बेकरीतसुद्धा त्याचंच बोलणं चाललं होतं!"

मी हिरव्या घराकडे निघाले. मागे बाई, मॉरीन, खोकं आणि निम्मं गाव. फळीवर पुस्तकाच्या जाडीची मोकळी जागा! "हां, म्हणजे," मी म्हटलं, "ते कधी कधी निळ्या घरी असतं." वरात निळ्या घराकडे. तिथे शार्क होता, देवमासा होता, कालवं होती. पाल नव्हती. पीटाने छातीशी चिमटा धरला.

"कॉम्प्युटर काय म्हणतो?" मॉरीनने विचारलं.

"ताने म्हणतो."

"आणि तू काय म्हणतेस?"

मी काय म्हणणार? मी शार्कचं पुस्तक उगाच सरळ करायला लागले. मॉरीनने खोक्याचं झाकण उघडलं. आणि तेव्हा, खरं सांगते, मी काही विचार केला नाही. आमच्याकडे पोर बापाच्याही घरी नसेल आणि काकाच्याही घरी नसेल, तर आपण जे म्हणतो तेच माझ्या तोंडून निघून गेलं.

"आजीकडे गेलंय!"

"काय?" मॉरीन म्हणाली.

"आजीकडे! दोन घरांचं भांडण असलं की पोर कुठे जाणार? आजी-आजोबांकडे!" आणि मी ऐटीत खिडकीकडे, रंगी आणि पापाच्या घराकडे बोट दाखवलं. मला फक्त वरात आणखी थोडी चालवायची होती. तेवढ्यात चक्कर येऊन पडावं असा बेत होता.

पण तिकडून आवाज आला.

"सोड म्हणते ना! प्रार्थनेच्या वेळी डोळे किलकिले करून बघत होतास, लाज नाही वाटली?"

"आणि तू प्रार्थनेच्या वेळी पिशवीत घालून चोरून नेलंस ते?"

घटस्फोटाच्या कायद्यांसमोरच्या सोफ्यावर इहाकाआजोबा आणि कुईनीआजी बसले होते! मध्ये पुस्तक, एक टोक आजोबांच्या हातात, एक आजींच्या. गर्दी भाषणांनंतर चहाकडे वळली तेव्हा आजोबांनी हिरव्या घरातून पुस्तक उचललं, आजींनी त्यांना वाटेत गाठलं, आणि ओढाताण करता करता दोघं जिथे दम लागला तिथे टेकले. म्हणजे रोज सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा पाल समुद्रात नेत होते, आणि दुपारी विणकाम शिकवायला येणाऱ्या आजी तिला जंगलात आणत होत्या. आणि आम्ही चिमटे घेऊन हिंडत होतो!

"मेरेआना!" आजींनी मला बघितलं. "तू मला काय म्हणाली होतीस? ताने ना?"

"मला तांगारोआ म्हणाली होती!" आजोबा ओरडले. "माझे शिंपले खाऊन!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता पळायला जागा नव्हती, तेव्हा मी पुढेच गेले.

"आजी, आजोबा, एक सांगा. तुमची दोन्ही पोरं बोटीच्या वाटणीवरून भांडली, एकमेकांची तोंडं बघेनात, तेव्हा तुमचा थोरला नातू कुठे राहिला?"



"आमच्याकडे," आजी हळूच म्हणाल्या. "आम्हीच वाढवला त्याला."

"तेव्हा त्याला विचारलंत का, की तू बापाचा की काकाचा?"

"छे! पोराला असं विचारतात का कुणी?" आजोबा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुस्तकाचं टोक सोडलं. गंमत म्हणजे त्याच क्षणी आजींनीही सोडलं. पुस्तक मध्ये सोफ्यावर पडलं, आणि ती हिरवी पाल आमच्याकडे बघत राहिली.

"रंगी आणि पापा म्हणजे काही पालीचे आजी-आजोबा नव्हेत," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "आणखी एक पिढी वर जातात, पणजी-पणजोबा लागतात ते. नीट लिही हो कॉम्प्युटरवर."

"लिहिते, आजी!"

"आणि पहिलं प्रकरण मी बदलणार नाही," आजोबा म्हणाले.

"मी तरी कुठे बदलतेय?" आजी म्हणाल्या आणि त्यांच्या कोटाची कॉलर सारखी करायला लागल्या.

वेलिंग्टनच्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "जे दोन विषयांत मावत नाही ते आजी-आजोबांकडे! इतकी वर्षं आम्ही यावर परिषदा भरवतोय! आणि पुस्तक तुम्ही न बघता सांगितलंत!"

"सवय झालीय," मी म्हटलं.

मॉरीनने खोक्याचं झाकण लावलं. कबूल करते, बाई दिलदार. सगळ्यांसमोर म्हणाली, "हरले मी. देव राहतील!" पीटाने चिमटा हवेत उडवला. पोरांनी नाचत जमीन दणाणून सोडली, गाणी झाली, जमिनीतल्या भट्टीतून मांस आणि रताळी निघाली. आजोबांनी पुन्हा भाषण केलं, पूर्ण केलं, आणि आजींनी ते संपेपर्यंत वाट पाहिली! त्या दिवशी मी घरी गेले ती जमिनीपासून हातभर वरून. नवऱ्याला म्हटलं, आजपासून चहा तू करायचास.

इथेच थांबले असते तर किती बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी अर्थशास्त्राचे प्राध्यापक आले. त्यांचा ग्रंथ मासेमारीच्या करांवर. "हे समुद्राचंही आहे आणि युद्धदेवाचंही. याला आजीकडे ठेवा." ठेवलं. मग पाखरांवरची गाणी गोळा करणाऱ्या बाई आल्या. मग भूकंपात कोसळलेल्या दवाखान्यांवर लिहिणारे डॉक्टर. मग मेंढ्यांच्या खुरांवर पावसाचा परिणाम! अहो, विद्वान माणसाला विचारून बघा, तुमचा ग्रंथ एकाच विषयात बसतो का म्हणून. अपमान केल्यासारखं तोंड करतो! महिन्याभरात तानेच्या घरात चार पुस्तकं उरली, तांगारोआकडे एक भरती-ओहोटीचं वेळापत्रक. बाकी सगळं ग्रंथालय आजीकडे! खिडकी झाकली गेली, सोफा बाहेर काढावा लागला, आणि त्या ढिगाऱ्यात एक पुस्तक शोधायचं म्हणजे माझी सकाळ जायची.

शेवटी एके दिवशी मी मॉरीनच्या दारात जाऊन उभी राहिले.   तिने फक्त टेबलाखालचं खोकं पायाने माझ्याकडे सरकवलं.

आता आजीच्या घरातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक बारीकसा आकडा आहे. अगदी बारीक, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. पालीच्या पुस्तकाला पहिला मान, म्हणून त्यावर "१". कुणी विचारलंच तर मी सांगते, अहो, तो क्रमांक नाही काही! ते कौतुक आहे. पुस्तक एक नंबर आहे ना, म्हणून!